दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक: नाव कसं शोधायचं?

बालाघाटकर: सचखंड एक्स्प्रेसनं जालन्याहून सहाजण निघतोय. चुलत आजोबा १९७१ च्या लढाईत गेले. त्यांचं नाव नेमकं कुठं सापडेल? तिकीट लागतं का?

गोदाकाठ: तिकीट नाही. चार चक्रं आहेत: मधोमध अमर चक्र, मग वीरता, त्याग, रक्षक. नावं त्याग चक्रात. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर हुद्दा, नाव, पलटण, सोनेरी अक्षरांत. पंचवीस हजारांवर विटा आहेत, नुसतं फिरून सापडायचं नाही. तिथल्या स्क्रीनवर आधी शोधा. गडबड होते ती स्पेलिंगमुळे. लष्करी नोंदीत कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब. म्हणून पेन्शनच्या कागदावरचं इंग्रजी नाव आणि पलटण जशीच्या तशी लिहून न्या. गावात हाक मारायचे ते नाव कामाचं नाही.

शिवना: अजून एक घोळ. इथं १९४७ नंतरचे सैनिकच. पहिल्या महायुद्धातले असतील तर शेजारच्या इंडिया गेटवर बघा. सीआरपीएफ, बीएसएफवाले चाणक्यपुरीच्या पोलीस स्मारकात.

गोदाकाठ: बरोबर. आणि सूर्यास्ताआधी तासभर पोचा, रिट्रीट, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा लष्करी समारंभ, चुकवू नका. त्यात शहिदाच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. त्यासाठी निघण्याआधीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मेट्रो केंद्रीय सचिवालयाची, पुढं चालणं बरंच. म्हातारं माणूस असेल तर सरळ रिक्षा करा.

बालाघाटकर: आजी येतेय, ८१ वर्षांची. रिक्षाच मग.

शिवना: जानेवारीत नका जाऊ. २६ तारखेच्या सरावानं रस्ते बंद असतात.