डेबियन टाकतोय: /व्हार, /होम वेगळं करू की सगळं एकाच पार्टिशनवर?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. ऑफिसच्या नव्या मशीनवर डेबियन 12 (लिनक्स) टाकायचंय. 256 जीबीची एसएसडी, 1 टीबीची हार्ड डिस्क. त्यावर बिलांचा पोस्टग्रेस डेटाबेस आणि जकार्डच्या डिझाइनच्या फाइली.

जुन्या मशीनवर सगळं एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या एकाच भागात) होतं. बिलिंग सॉफ्टवेअरचा लॉग (नोंदींची फाइल) फुगत गेला, डिस्क भरली आणि ऐन डिस्पॅचला पोस्टग्रेस बसलं. दारात टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि चलन काही निघेना. म्हणून या वेळी /व्हार (लॉगसारखा सतत बदलणारा डेटा ठेवायचं फोल्डर) वेगळं करायचा विचार आहे. इन्स्टॉलरमध्ये /होम (वापरणाऱ्यांच्या फाइली), /व्हार, /टीएमपी (तात्पुरत्या फाइली) वेगळं करायचा पर्याय दिसतो, पण मापं तोच ठरवतो. उद्या /व्हार भरलं आणि /होममध्ये ढीगभर जागा पडून राहिली तर? शिवाय एक जण म्हणतो, /यूएसआरसुद्धा (प्रोग्रॅमचं फोल्डर) वेगळं कर. करू का?

प्रतिसाद: /यूएसआरच्या नादी लागू नका. डेबियन 12 मध्ये /बिन, /एसबिन, /लिब हे सगळे /यूएसआरकडे नेणारे दुवेच आहेत. ते वेगळं ठेवलं तर बूट होतानाच आधी माउंट व्हायला (सिस्टिमला जोडलं जायला) हवं. कटकट तेवढी वाढते.

पण तुमचं दुखणं नुसतं /व्हार वेगळं करून जाणार नाही. पोस्टग्रेसचा डेटा /व्हार/लिबमध्ये, लॉग बहुधा /व्हार/लॉगमध्ये. दोघं पुन्हा एकाच खोलीत! वेगळं काढायचं ते /व्हार/लॉग. 10 जीबी द्या, लॉगरोटेट लावा, ते जुने लॉग आपोआप काढतं. लॉग भरला तरी डेटाबेस चालू राहील. बिलिंगवाला लॉग दुसरीकडेच लिहीत असेल तर आधी ते बघा.

मापांसाठी एलव्हीएम (मापं नंतर बदलू देणारी व्यवस्था) घ्या, आणि सगळी जागा आत्ताच वाटू नका. रूटला (मुख्य सिस्टिमला) 40 जीबी, /व्हारला 60 जीबी पुरे, बाकी मोकळी ठेवा. ईएक्सटी4 फाइलसिस्टिम चालू मशीनवर वाढवता येते. कमी करायची तर अनमाउंट करावी लागते, एक्सएफएसला तेही जमत नाही. /होम हार्ड डिस्कवर.

धागाकर्ता: लॉग आणि डेटाबेस एकाच जागी, हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता बघितलं, लॉग /व्हार/लॉगमध्येच आहे. /बूट (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइली) वेगळं लागेल का?

प्रतिसाद: 1 जीबीचं करून टाका, एलव्हीएमच्या बाहेर. ईएफआयचं (मशीन सुरू होताना वाचलं जाणारं) पार्टिशनही बाहेरच, फॅट32 फाइलसिस्टिममध्ये. आणि डेटाबेसचा रोजचा डंप (बॅकअप) त्याच एसएसडीवर ठेवू नका.