फराळाच्या ऑर्डरी, किचनमधला स्पीकर आणि नोट्सचं अ‍ॅप: हे एकमेकांशी बोलतील का?

सुदामानगरची सून
नमस्कार मंडळी. सासूबाई दर दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात, ओळखीतल्याच, पण यंदा ओळखीतल्यांच्या ओळखीतले पण आलेत आणि वही पुरेना. ऑर्डरी कुठून येतील सांगता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, काही तर चक्क जिन्यात. मी सगळं मोबाईलवर गूगल कीप ह्या नोट्सच्या अ‍ॅपमधे टाकून राहिलेय, सामानाची यादी पण तिथेच. आता ह्यांनी हौसेनं एक स्मार्ट स्पीकर आणलाय, तर मला वाटलं हात बेसनात असताना नुसतं बोललं की यादीत जाईल आणि हे सियागंजात, आपल्या इंदूरच्या किराणा बाजारात, उभे असतील तिथे ह्यांच्या आयफोनवर दिसेल. कसलं काय, तो यादी स्वतःपाशीच ठेवतो. आणि परवा आई म्हणाल्या "चकलीची भाजणी दोन किलो" तर त्यानं भजन लावलं. आईंनी पूर्ण ऐकलं, त्यांची काही तक्रार नाही, पण भाजणी यादीत आलीच नाही ना. काही होईल का ह्याचं, का वहीच बरी?

रामबागेतला
ताई, आधी स्पीकर कोणता ते सांगा, सगळं त्यावर आहे.

गूगलचा असेल तर असिस्टंटच्या सेटिंगमधे नोट्स आणि लिस्टचा पर्याय असतो, तिथे कीप निवडायचं. मग ती यादी यजमानांशी शेअर करा, कीप आयफोनवर पण चालतं, एकानं टिक केलं की दुसऱ्याला दिसतं. फक्त एक बघा, आवाज ज्याच्या अकाउंटला जोडलेला त्याच्याच कीपमधे यादी जाणार. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, स्पीकर नवऱ्याच्या अकाउंटवर आणि बायको आपल्या कीपमधे शोधतेय.

अलेक्सा असेल तर वेगळं. आधी तिची यादी टुडूइस्ट, एनी डू अशा अ‍ॅपांशी जुळायची, १ जुलै २०२४ पासून अ‍ॅमेझॉननं बाहेरच्यांसाठी ते बंद केलं. आता यादी अलेक्साच्याच अ‍ॅपमधे बघायची, म्हणजे यजमानांच्या फोनवर तेच अ‍ॅप त्याच अकाउंटनं टाकायचं.

भजनाचं म्हणाल तर आपल्याकडे हे दोन्ही स्पीकर हिंदी आणि इंग्रजीवर चालतात, मराठी त्यांना येत नाही. बिचारा "भाजणी" ऐकून जवळचं जे सापडलं ते घेतो. "चकली का आटा" म्हणून बघा. नाहीतर कीप उघडा आणि जीबोर्ड कीबोर्डवर मराठी भाषा जोडून माइक दाबून बोला, मराठी चांगलं टाइप होतं. हात तेवढा धुवावा लागेल 😄

विजयनगर_डेव्हलपर
वरच्यांनी स्पीकरचं सांगितलं, मी अ‍ॅपांचं सांगतो कारण लोकांना वाटतं दोन अ‍ॅप फोनमधे शेजारी शेजारी आहेत म्हणजे जुळतीलच. तसं नसतं. एका अ‍ॅपनं दुसऱ्यासाठी खिडकी ठेवलेली असली तरच देवाणघेवाण होते, त्या खिडकीला एपीआय म्हणतात. नोशन ह्या नोट्सच्या अ‍ॅपनं ती २०२१ मधे सगळ्यांसाठी उघडली, म्हणून झेपियर, आयएफटीटीटी सारखे मधले पोस्टमन त्याच्यात सहज नोंद टाकतात. कीपचा एपीआय आहे पण तो कंपन्यांच्या वर्कस्पेस अकाउंटला, आपल्या साध्या जीमेलवाल्याला नाही. म्हणून कीप गूगलच्या घरात छान, डॉक्समधे कॉपी होतं वगैरे, पण घराबाहेर त्याचा फारसा वावर नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. साध्या व्हॉट्सअ‍ॅपमधून मेसेज आपोआप उचलून नोटमधे टाकायची अधिकृत सोय नाही, कोणी "हे अ‍ॅप टाका, सगळं होईल" म्हणालं तर टाकू नका. त्यापेक्षा ऑर्डरी नोट्समधे घ्यायच्याच कशाला? गूगल फॉर्म करा, नाव, काय पाहिजे, किती किलो, कधी, आणि लिंक ग्रुपवर टाका. फॉर्मला गूगल शीट जोडलं की उत्तरं आपोआप त्यात पडतात, चिवडा एकूण किती किलो ते शीटच बेरीज करून सांगते, तुम्ही काही कॉपी करायचं नाही. जिन्यात भेटणाऱ्यांनाही लिंकच पाठवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलंत तर चॅटला लेबल लावता येतं, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले.

अजून एक, कुठलंही अ‍ॅप जोडताना ते परवानगी मागतं तेव्हा काय काय मागतंय ते वाचा. यादी लिहायला आलेल्याला तुमचे सगळे कॉन्टॅक्ट कशाला? लोकांचे पत्ते आहेत तुमच्याकडे. गूगल अकाउंटच्या सेटिंगमधे कोणाकोणाला परवानगी दिलीय ते दिसतं, तिथून काढता पण येतं, मी काढायला बसलो तर नऊ अ‍ॅप निघाले, त्यातले तीन कशाचे तेच आठवेना.

छप्पनवरचा_चहा
एक अनुभव सांगतो, हसू नका. अशाच एका मधल्या पोस्टमनला मी एक नियम लावला की नोट आली की मला मेल यावा, आणि आधीच लावलेला दुसरा नियम होता की अमुक मेल आला की त्याची नोट व्हावी. झोपलो. नोटेचा मेल, मेलची नोट, नोटेचा मेल… सकाळपर्यंत माझे महिन्याचे फुकटचे शंभर टास्क, म्हणजे त्यानं आपोआप करायची कामं, संपले आणि "दूध बंद करणे" अशी एकच नोट पन्नासेकदा. चूक माझीच, पण दूधवाल्याला सांगायचं ते राहिलंच.

सुदामानगरची सून
सगळ्यांना थँक्यू! स्पीकर कोणता ते लिहीत नाही, हे पण इथेच वाचतात आणि हौसेनं आणलाय. फॉर्म केला काल रात्री, आजपर्यंत अकरा ऑर्डरी शीटमधे आल्या, एकीनं किलोच्या जागी "नेहमीप्रमाणे" लिहिलंय. यादी ह्यांच्याशी शेअर केली, फोनच्या माइकवर भाजणी पहिल्या फटक्यात बरोबर आली. स्पीकर आईंनी देवघराजवळ ठेवून घेतलाय. त्यांचं आणि त्याचं आता चांगलं जमलंय.

@विजयनगर_डेव्हलपर दादा, शीटमधे "नेहमीप्रमाणे"ची बेरीज कशी करायची?

विजयनगर_डेव्हलपर
ताई, त्यासाठी आईंची जुनी वही काढा.