मदत हवी आहे: पी-३२ चा थेंब मनगटावर, आता तिथे लाली

नमस्कार मंडळी,

आमच्या लॅबमध्ये डीएनए प्रोब (ठरावीक डीएनए शोधायला वापरतात तो तुकडा) लेबल करायला अजून पी-३२, म्हणजे किरणोत्सारी फॉस्फरस, वापरतात. दोनेक आठवड्यांपूर्वी एका ज्युनिअर मुलीच्या ग्लोव्हच्या कडेतून थेंब आत गेला. संध्याकाळी हात तपासताना किरणोत्सार मोजणारा काउंटर ओरडायला लागला, तोवर तीनेक तास उलटले होते. कोमट पाणी आणि साबणाने धुतल्यावर काउंट खाली आले. तेव्हा कातडी स्वच्छ होती. परवापासून मात्र तिथे रुपयाएवढी लाली आहे आणि चुरचुरतंय.

विभागात सांगतात, ग्लोव्हची ॲलर्जी असेल, टीएलडी बॅजचं (अंगावर लावतो त्या, किरणांचा डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचं) रीडिंग येऊ दे, मग बघू. मला हे अजिबात पटत नाही. पी-३२ चे बीटा कण शरीरात जेमतेम ८ मिलिमीटर शिरतात. ग्लोव्हखालच्या थेंबाचा छातीवरच्या बॅजला पत्ताही लागणार नाही. बोटात घालायचा रिंग बॅज तिला दिलेलाच नव्हता.

माझा ढोबळ हिशोब असा: एका चौरस सेंटिमीटरवर १ मायक्रोक्युरी (किरणोत्साराचं माप) असेल, तर त्वचेला तासाला साधारण ८० मिलिग्रे (शोषलेल्या डोसचं माप) डोस. तेवढ्याच जागेवरच्या थेंबात १० मायक्रोक्युरी धरले तर तीन तासांत अडीच ग्रेच्या आसपास. त्वचेची वर्षाची मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट (बीटासाठी १ मिलिग्रे म्हणजे १ मिलिसिव्हर्टच), म्हणजे ती केव्हाच ओलांडली. उशिरा उमटणारी लाली साधारण ३ ग्रेपासून पुढे दिसते, त्यामुळे थेंबात नेमकं किती होतं यावर सगळं अडलंय.

आणि हा उशीरच मला खटकतोय. १ मार्च १९५४ च्या अमेरिकेच्या ब्राव्हो हायड्रोजन बॉम्ब चाचणीनंतर मार्शल बेटांतल्या राँगेलापवर किरणोत्सारी राख पडली. लोकांना सुरुवातीला खाज आणि आग झाली, ती ओसरली, आणि खरे चट्टे दोन आठवड्यांच्या सुमारास उठले, तेही जिथे राख चिकटून राहिली तिथे: डोकं, मान, अनवाणी पाय. कपड्याखालची कातडी बरीचशी वाचली. त्वचेच्या तळाच्या, नव्या पेशी तयार करणाऱ्या थराला मार बसला की तो वर दिसायला इतका वेळ लागतोच. ॲलर्जी असती तर दोन-तीन दिवसांतच उठली असती ना?

पोरगी घाबरली आहे, घरी सांगितलेलं नाही. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे लेखी कळवायला मी तिला बसवणार आहे. जाणकारांनी कृपया सांगा:

स्टॉकच्या वहीवरून आणि त्या दिवशीच्या काउंटवरून त्वचेचा डोस आता रीतसर काढून मिळतो का, आणि तो कोणी काढायचा? साध्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावं की कॅन्सर रुग्णालयातल्या रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टकडे? त्यांना अशी कातडी रोज बघायची सवय असते म्हणून विचारतेय. डॉक्टरांना दाखवेपर्यंत स्टेरॉइड मलम लावलं तर चालेल का? आणि फोड आले तर किती तातडीने न्यायचं?