गोळी सुटताना काय झालं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, झोपेच्या, घबराटीच्या, उदासीच्या गोळ्या का लागल्या यावर आपण पुष्कळ बोलतो. सुटताना काय झालं, ते कुणी सांगत नाही. कोणती गोळी, किती दिवस, बंद केल्यावर काय झालं, लिहा. कुणी किती घ्यावी, कशी कमी करावी हे मात्र इथे सांगू नका, ते आपापल्या डॉक्टरला विचारा. सुरुवात माझ्यापासून.

जळगाव. क्लोनाझेपाम पॉइंट पाच, रात्री एक, चौदा महिने. वडिलांच्या आजारपणात सुरू झाली. वडील बरे झाले, गोळी राहिली. मे महिन्यात एका गुरुवारी पाकीट संपलं, म्हटलं आता नकोच. शुक्र, शनि, रवी मजेत गेले. मंगळवारी दुपारी हातापायाला कापरं, दरदरून घाम, छातीत धडधड. बाहेर ४४ अंश, त्यामुळे घरच्यांचं निदान तयारच: ऊन लागलं. आईने तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. कूलरचा आवाज कानात खिळे ठोकल्यासारखा वाटायचा. तो बंद करायला लावला तर सगळं घर माझ्यावर उखडलं. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. मला वाटलं, जुना आजारच उलटला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: ही गोळी अंगातून सावकाश उतरते, म्हणून त्रास उशिरा आला. मेंदूला शांत ठेवायचं काम इतके दिवस गोळी करत होती, मेंदूने आपलं काम सैल सोडलं होतं. गोळी गेली, तो अजून कामावर आलेला नाही. मग पुन्हा सुरू करून थोडी थोडी कमी करत आठ महिन्यांत उतरवली. शेवटी तर पाव गोळीचेही दोन भाग. सुरीने नुसता भुगा व्हायचा. आईच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याने बरोबर तुकडे पडले. आई म्हणे, सुपारी तरी खा रे, निदान कारण दिसेल.

धुळे, गृहिणी. अल्प्राझोलाम पॉइंट दोन पाच, दिवसातून तीनदा. ही लवकर उतरते. दुपारची चुकली की संध्याकाळी कणीक मळताना बोटं ऐकायची नाहीत. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या, यांनी "मन घट्ट कर" सांगितलं. मीठमिरच्यांचा राग नाही आला. दुसऱ्याचा अजून आहे.

उधना, सुरत, गाव शिरपूरकडे. माझी झोपेची गोळी नव्हती, उदासीवरची एस्सिटालोप्राम होती. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आले आणि पाकीट सुरतेत विसरले. तिसऱ्या दिवशी नजर डावीकडून उजवीकडे नेली की डोक्यात बारीक करंट, झर्रकन. झोक्यावर बसवेना. वहिनीला वाटलं, दिवस गेले!

चोपडा. धाकट्या भावाचं लिहितो. झोपेच्या गोळ्या, दिवसाला चार-पाचवर गेला होता. घरात कळलं तेव्हा मीच सगळी पाकिटं संडासात ओतली, मर्दुमकी समजून. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली, ओट्यावरून पडला. शुद्धीवर आल्यावर विचारतो, "भाऊ, माले काय व्हयनं?" त्याला काय सांगू, मीच केलं म्हणून? जास्त डोस एकदम तोडला की फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे दवाखान्यात कळलं. आणि गोळीच्या जागी दारू देऊ नका. तीही मेंदूला त्याच वाटेने गुंगवते.

भुसावळ, मेडिकलवर काम करतो. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी लागते, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहावं लागतं, वही तीन वर्षं ठेवावी लागते. तरी "दादा, रोजचंच आहे" म्हटल्यावर पूर्वी मी पाकीट काढून दिलंय. खोटं कशाला बोलू? रात्री-बेरात्री फारच जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. फिट आली तर मात्र फोनवर बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

नंदुरबार. माझा एकच प्रश्न. गोळी सोडल्यावर कानात वाजणारी शिट्टी कधी थांबते?

जळगाव. माझी शेवटची गोळी जानेवारीत. जूनमध्ये वाटलं, थांबली. पाऊस उघडल्यावर कळलं, आहे. दिवाळीनंतर मात्र मुद्दाम कान दिला तरच ऐकू येते.