दुसऱ्या भाषेनं तुमच्या डोक्यात काय बदललं? अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. चेन्नईत येऊन सहा वर्षं झाली. सुरुवातीला ऑफिसात जेवायला निघताना 'नांगळ' म्हणून बोलावलं तर पोरी जागच्या हलेनात, मग एकीने समजावलं की 'नांगळ' म्हणजे तू सोडून आम्ही, तुला धरून असेल तर 'नाम'. अहो, हे तर आपलं आम्ही आणि आपण! जन्मभर वापरत होते पण कधी लक्षच गेलं नव्हतं. आता हिंदीत 'हम' म्हणताना दरवेळी मनात येतं, समोरचा यात आहे का नाही?

----

मी जर्मनीत असतो. इथे फोन नंबर जोडीजोडीने सांगतात आणि ४५ ला 'पाच आणि चाळीस' म्हणतात, त्यामुळे इंग्रजीतून विचार केला की हमखास ५४ लिहून बसायचो. एकदा दवाखान्याचा नंबर घेताना सहज मनात पंचेचाळीस म्हटलं आणि बरोबर उतरला, कारण आपल्याकडेही पाच आधी नि चाळीस नंतर. तेव्हापासून आकडे मराठीतूनच ऐकतो. फक्त ४९ ला अडतो, ते 'नऊ आणि चाळीस' म्हणतात नि आपलं एकोणपन्नास.

----

गुणाकार अजून मराठीतच होतो. सगळं शिक्षण इंग्रजीत, पण सात अठ्ठे छप्पन्न आजीने घोकून घेतलंय, ते काही जात नाही.

----

सोलापूर. घरी तेलुगू, बाहेर सगळं मराठी, तेलुगू लिपी येत नाही म्हणून तेलुगू पण देवनागरीतच लिहिते. मागे मराठीत एक कथा लिहीत होते, त्यात 'तिची बहीण दारात आली' असं वाक्य लिहिलं आणि तिथेच दोन दिवस अडकले. तेलुगूत मोठी ती अक्का, धाकटी ती चेल्लेलु, त्यामुळे मला दारातली बाई दिसेचना, मोठी की धाकटी? मराठीत नुसतं बहीण चालून गेलं असतं, वाचणाऱ्याला काही खटकलं नसतं. पण मी धाकटी ठरवली, आणि मग लगेच कळलं की ती आत येणार नाही, उंबऱ्यातच उभी राहणार, मोठीने 'ये' म्हणेपर्यंत. कथेचा शेवटच बदलला. आधी दोघी रडून मोकळ्या होत होत्या, आता मोठी नुसती पाण्याचा तांब्या पुढे करते.