तिरका सेक्शन वळत नाही, अर्जंट मदत हवी आहे

फाट्यावरचा: मंडळी, इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढतो आहे; त्याची रेष तिरकी वळवायची कशी? मधल्या हॉलमधून सरळ जाऊन पुढं दुसऱ्या विंगच्या दिशेनं वळायला पाहिजे. रेष तोडायची स्प्लिट सेगमेंट कमांड दिली तर काटकोनातच तुटून राहिली. त्यात तिकडच्या भिंती प्लॅनपेक्षा जाड दिसून राहिल्या आणि ग्रिड, म्हणजे कॉलमच्या आखणीरेषा, तर गायबच. उद्या सकाळी पंचायत समितीत शीट द्यायचं आहे. माहीत असेल त्यानं लवकर सांगा.

वणीकर: सॉफ्टवेअर कोणतं भाऊ? विंगचा कोन किती?

जुना ड्राफ्ट्समन: ऑटोकॅडमध्ये हा त्रासच नाही. यूसीएस (अक्ष फिरवायची कमांड), ऑब्जेक्ट, तिरकी भिंत निवडा, मग प्लॅन, करंट. विंग स्क्रीनवर सरळ होते. खाली रेषा उतरवा आणि सेक्शन काढा. मी आजवर असेच नकाशे दिले.

फाट्यावरचा: रेव्हिट. त्यात इमारतीचं थ्रीडी मॉडेल पूर्ण आहे काका, आता ऑटोकॅडमध्ये पुन्हा कुठं ओढू?

साइटवरून: भिंत जाड म्हणजे वॉल टाइप चुकला. प्लास्टरचा थर दोनदा लागला असेल, एडिट करून एक काढून टाका.

वणीकर: टाइपला हात लावू नका! आधी कोन सांगा.

फाट्यावरचा: ३० अंश. दारव्हा तालुक्यात फाट्यावर ग्रामपंचायतीची इमारत आहे. एक बाजू मोठ्या रस्त्याला, दुसरी गावरस्त्याला.

कास्तकाराचा पोरगा: तिकडं काळी माती असेल. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. पाया किती खोल घेतला? आमच्या गावात समाजमंदिराच्या भिंतीला कोपऱ्यातून तडा गेला, तो अजून वाढूनच राहिला. दोन विंग एकमेकींना बांधून टाकू नका.

फाट्यावरचा: भाऊ, सांध्याशी जॉइंट, म्हणजे दोन विंगमध्ये फट, दिला आहे. तोच दाखवायचा आहे म्हणून तर सेक्शन तिथून जायला पाहिजे. पण प्रश्न पायाचा नाही.

वणीकर: मग भिंत बरोबर आहे. तुमची रेष तिकडच्या आडव्या भिंतींना काटकोनात कापत नाही, म्हणून २३० मिमीची भिंत २६५ च्या आसपास दिसते आणि ३ मीटरची खोली जवळपास ३.४६ ची. असं शीट साइटवर गेलं तर मिस्त्री तेच माप धरेल, म्हणून इतकं सांगतो आहे. ग्रिडचंही तेच: सेक्शनला काटकोनात असलेलीच ग्रिड रेव्हिट दाखवतं. स्प्लिट सेगमेंटनं तुकडे फक्त मागेपुढे सरकतात, दिशा सगळ्यांची एकच राहते. म्हणून दोन सेक्शन करा. दुसऱ्याची रेष तिकडच्या लांब भिंतीजवळ ओढा, समांतर पकडते. नाही पकडली तर निवडून आरओ (रोटेट) दाबा आणि कोन द्या. दोन्हींचं क्रॉप (दिसणाऱ्या भागाची चौकट) जॉइंटपाशी आणा, स्केल एकच ठेवा, शीटवर शेजारी लावून प्लिंथ (जोत्याची पातळी) जुळवा. खाली नोंद टाका की सेक्शन उलगडून दाखवला आहे.

जुना ड्राफ्ट्समन: दोन तुकडे जोडायचेच, तर मॉडेलचा फायदा काय? हातानं उलगडलेला सेक्शन एकसंध तरी असतो.

वणीकर: काका, उद्या सरपंचानं खिडकी सरकवायला लावली तर तुमचा सेक्शन पुन्हा ओढावा लागेल. इथं दोन्हींत आपोआप सरकते.

जुना ड्राफ्ट्समन: खिडकी एकदा ठरली की ठरली. आमच्याकडं नकाशा मंजूर झाल्यावर कोणी हलवत नाही.

साइटवरून: तरी वॉल टाइप एकदा बघाच.

फाट्यावरचा: दोन सेक्शन केले. भिंत २३० ची आली, ग्रिडही आली. पण दुसऱ्यात लेव्हलच्या, म्हणजे मजल्यांच्या उंचीच्या, रेषा नाहीत, प्लिंथ कशाला जुळवू?

वणीकर: लेव्हल त्या विंगपर्यंत पोचत नसेल. एलिव्हेशनमध्ये (बाहेरून दिसणाऱ्या उभ्या नकाशात) लेव्हलवर राइट क्लिक, मॅक्झिमाइझ थ्रीडी एक्स्टेंट्स. सगळ्या लेव्हलना करा.

फाट्यावरचा: आल्या. प्लिंथ जुळली, आता शीट लावतो. कास्तकार भाऊ, साइटवर खड्डा घेतला आहे, माती काळीच निघाली. पायाचा वेगळा धागा काढा, मला पण विचारायचं आहे.