जाड आणि तिरका मराठी फॉन्ट हवाय, शनिवारच्या आत

द्राक्षपट्टा
जाड, तिरका आणि साध्या वळणाचा मराठी फॉन्ट कुठला चांगला? दुकानदाराने जो नमुना दिलाय तो बघवत नाही. दोनदा बदलून घेतला, तरी तेच. बी आणि आय ही बटणं दाबा असं कृपया सांगू नका, त्यानेच वाट लागली आहे.

मिरजवेस
कशावर छापायचंय? पत्रिका, फ्लेक्स की जर्सी? शब्द कुठला? आणि टाइप श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय की मोबाइलवर चालतं त्या युनिकोडमध्ये? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटमाथा
बालू घ्या, डोळे झाकून. मुंबईच्या 'एक टाइप'चा आहे, फुकट आहे, गुबगुबीत आहे. साताऱ्यात आमच्या मंडळाच्या सगळ्या टी-शर्टवर तोच वापरतो.

द्राक्षपट्टा
टेम्पोवर रेडियम करायचंय. शब्द 'निर्भय'. नऊ इंच उंची. शनिवारी गाडीची पूजा आहे. वडिलांनी कर्ज काढून गाडी घेतली आणि नाव त्यांनीच ठेवलंय. नमुन्यात ते 'निर्मय' वाचलं जातंय. लांबून तर हमखास.

मिरजवेस
आता कळलं. 'भ' आणि 'म' यांत खरा फरक डोक्यावरच्या फटीचा. 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. दुकानदाराने अक्षर जाड करायला कोरेलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, कडेने आउटलाइन दिली असणार. आउटलाइन निम्मी बाहेर आणि निम्मी आत वाढते, मग फट बुजते आणि 'भ'चा 'म' होतो. 'ध'चा 'घ'ही असाच होतो. मी पंधरा वर्षं डीटीपी करतोय, धनाजीचा घनाजी झालेला फ्लेक्स स्वतः उतरवलाय.

पॉपिन्स घ्या, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. नऊ जाड्या आणि प्रत्येकीला तिरकी जोड. देवनागरी त्यात आहे. व्यवसायात वापरायलाही परवाना मोफत. बोल्ड इटॅलिक किंवा एक्स्ट्रा बोल्ड इटॅलिक निवडा, म्हणजे जाडी फॉन्टमधूनच येते, आउटलाइनची गरजच नाही.

घाटमाथा
बालूला कोरेलमध्ये दहा अंश कलवलं की झालं. एवढ्यासाठी वेगळा फॉन्ट कशाला?

मिरजवेस
झालं म्हणजे काय झालं? नुसतं कलवलं की शिरोरेषेची जाडी तेवढीच राहते आणि उभा दंड बारीक होतो. 'भ'ची गाठ एका कोपऱ्याकडे ओढली जाते. टी-शर्टवर चालून जाईल, नऊ इंचात डोळ्याला टोचतं.

घाटमाथा
दहा अंशांत दंड किती बारीक होतो, मोजून बघा. शेकड्याला दोनही नाही. नजरेला कळत नाही.

मिरजवेस
दंडाचं मान्य. गाठीचं नाही.

बोरू
मूळ मुद्दा वेगळा आहे. इटॅलिक ही आपली गोष्टच नाही. 1501 च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डुस मानुत्सिओच्या छापखान्यातून ती आली, तिकडच्या हाताच्या धावत्या लिखाणावरून. आपलं धावतं लिखाण म्हणजे मोडी. आधी पानभर रेघ ओढायची आणि बोरू न उचलता अक्षरं खाली लटकवत जायची. जोर द्यायचा तर देवनागरीत ठळक करावं, कलवू नये.

द्राक्षपट्टा
मोडी गाडीवर कोण वाचणार? शनिवार जवळ आलाय.

तासगाव नाका
नंबरप्लेटवर मात्र असं काही करू नका. अक्षरं इंग्रजीच लागतात. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा प्लेट लागतेच.

द्राक्षपट्टा
नंबरप्लेटचं विचारलंच नाही.
मिरजवेस दादा, पॉपिन्स टाकला तर दुकानात 'निर्भय'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा आला.

मिरजवेस
म्हणजे टाइप श्रीलिपीत आहे. तिथे मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरात बसवलेली असतात, फॉन्ट बदलला की उघडी पडतात. शब्द मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून त्यांना पाठवा. कोरेल जुनं असेल तर वेलांटी उडेल, मग इंकस्केप या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाथ करायचं, म्हणजे अक्षराची आकृती करायची, आणि फाइल कोरेलमध्ये आणायची. कापण्याआधी अक्षरं वेल्ड करायला, म्हणजे जोडून एकच आकृती करायला सांगा. नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथेही कटरची पाती फिरते आणि रेडियमचे तुकडे पडतात.

ब्रशवाले काका, कराड
फॉन्टचं मला कळत नाही, मी तीस वर्षं गाड्या रंगवल्या. दोरीला चुना लावून वर-खाली दोन रेघा मारायच्या, मधे तिरक्या खुणा. दंड खुणेवर कलवायचा, गोलाई मात्र हाताने नव्याने काढायची. वेलांटीची कमान आणि रफार एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, 'निर्भय'मध्ये ते शेजारीच येतात.
एक कुणी बोललं नाही. उजवीकडे कललेलं अक्षर ड्रायव्हर बाजूला गाडीच्या तोंडाकडे झुकतं, पळाल्यासारखं दिसतं. क्लीनर बाजूला तोंड डावीकडे असतं, तिथे तेच अक्षर मागे रेलल्यासारखं होतं. मी त्या बाजूला उभंच लिहायचो.

घाटमाथा
काका, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आमचा टेम्पो आत्ता बाहेर जाऊन बघितला, खरंच मागे रेललाय.

द्राक्षपट्टा
आज नमुना काढला. पॉपिन्स एक्स्ट्रा बोल्ड इटॅलिक, आउटलाइन नाही, वेल्ड करून. पत्र्यावर लावून वीस पावलं मागे गेलो, फट स्पष्ट दिसते. वडिलांनी न अडखळता वाचलं. काकांचं ऐकून क्लीनर बाजूला त्यातलाच उभा एक्स्ट्रा बोल्ड लावतोय. मागच्या फाळक्यावर काय ठेवू?

ब्रशवाले काका, कराड
उभं. पण आधी फाळक्याचा फोटो टाक बाळा. पन्हाळी पत्रा असेल तर रेडियम खोबणीत सुटतं, तिथे ब्रशच मारावा लागेल.